गुरुजींच्या खिशातला चष्मा

मित्रांनो, चष्म्याची जागा नाकावर. हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. पण मी असा एक जुना चष्मा आहे, ज्याने उमेदीची सात वर्षे एका खिशात काढली. खिसाही साधासुधा नव्हे. सदऱ्याच्या आतला, छातीला चिकटलेला, वरून बटण लावलेला. उन्हाचा कवडसा नाही, वाऱ्याची झुळूक नाही. सोबतीला फक्त एका भल्या माणसाच्या काळजाचे ठोके. ते ठोके कधी नीट पडायचे आणि कधी चुकायचे, हे जगात दोघांनाच ठाऊक होते. एक तो माणूस आणि दुसरा मी.

माझा जन्म झाला तो मूठभर स्क्रूंमुळे. त्याची गोष्ट अशी.

एका अरुंद गल्लीत, कुलुपे दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी, एका चष्मेवाल्याचे दुकान होते. हात मोठा कसबी. काच घासायला बसला की चाकाच्या आवाजावरून नंबर सांगेल असा. पण त्याची बायको गेली आणि त्याने दुकानाचे दार आतून लावून घेतले. लोक येत, दार वाजवत, निघून जात. त्याची थोरली बहीण डबा घेऊन येई आणि तसाच भरलेला डबा परत नेई. आई लहानपणीच गेल्यामुळे त्याला वाढवले होते ते या ताईंनीच. सहाव्या वर्षी त्याला चष्मा लागला तेव्हा त्यांनी त्याचे नाव ‘ढापण्या’ ठेवले, आणि पन्नाशी आली तरी बदलले नाही.

गल्लीच्या टोकाला एक सभागृह होते. तिथे रोज सकाळी गुरुजी एका जुन्या ग्रंथातले पान वाचून त्याचा अर्थ सांगत. तेव्हा त्यांना कोणी फारसे ओळखत नव्हते. ऐकायला वीस-पंचवीस माणसे, त्यातली चार पेंगणारी. त्यांनी एके दिवशी दुकानाचे दार वाजवले.

“बोलायला आलो नाही,” ते म्हणाले. “हाताला काही काम असेल तर दे.”

चष्मेवाल्याने कंटाळून स्क्रूंचा डबा पुढे सरकवला. चष्म्याचे स्क्रू मोहरीएवढे, आणि डब्यात पाच-सहा मापांचे एकत्र झालेले. गुरुजी ते मापाप्रमाणे वेगवेगळ्या खणांत टाकत बसले. उपदेश नाही, ‘होणारे होऊन गेले’ नाही, काही नाही. रोज दुपारी यायचे, तासभर बसायचे, जायचे. असे वीस दिवस. एकविसाव्या दिवशी चष्मेवाल्याने सहज खणांत डोकावले, आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदा त्याला हसू फुटले.

“गुरुजी, अहो, वेगळे होते तेसुद्धा मिसळलेत तुम्ही!”

“मला तर सगळे सारखेच दिसतात रे.”

“ही समदृष्टी नाही, गुरुजी. चाळिशी आहे!”

दोघेही इतके हसले की कुलुपवाला दाराशी येऊन डोकावून गेला. त्याच दिवशी दुकान उघडले, चाक फिरले, आणि पहिला चष्मा घडला तो मी. तपकिरी फ्रेम, गोल काचा, जवळचे वाचायचा नंबर. चष्मेवाल्याने मला फडक्याने पुसले, उजेडाकडे धरले आणि म्हणाला, “गुरुजी, तुम्ही मला उठवून बसवलंत. आता हा तुम्हाला पान दाखवील.”

केवढा फुगलो होतो मी! फ्रेमला तडा कसा गेला नाही, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा पहिला मान होता. गुरुजींनी ग्रंथ उघडला. खरे म्हणजे अक्षरे पुसट झाल्यापासून ते निम्मे पान पाठच म्हणत असत. त्यांच्याही ते लक्षात आले नव्हते. मला काढायला त्यांचा हात खिशाकडे गेला. इतक्यात पुढच्या बाकावरच्या एक पाहुण्या बाई शेजारणीला मोठ्याने म्हणाल्या, “या वयात चष्मा नाही बघ! नाहीतर आमचे हे.” आणि मागून एक गृहस्थ म्हणाले, “ध्यानाचं तेज आहे ते, बाई. अशी दृष्टी दुकानात मिळत नाही.”

सगळे सभागृह गुरुजींकडे कौतुकाने पाहू लागले. गुरुजी हसले. त्यांचा हात खिशापर्यंत आलेला होता. तो रिकामाच परत गेला.

मित्रांनो, गुरुजी त्या दिवशी खोटे बोलले नाहीत. पुढेही कधी बोलले नाहीत, मी साक्षीला आहे. लोकांनी गैरसमज आणून दिला. त्यांनी तो फक्त ठेवून घेतला. संध्याकाळी ते दुकानात आले आणि चष्मेवाल्याला म्हणाले, “हे आपल्या दोघांत राहू दे. योग्य वेळ आली की मीच सांगेन.” चष्मेवाल्याने मान हलवली. ज्याने वीस दिवस आपल्यासाठी स्क्रू निवडले, त्याचा एवढासा शब्द कोण मोडणार? पण योग्य वेळेची एक खोड असते. ती रोज उद्याच असते.

मग सुरू झाला माझा खिशातला संसार. सकाळी मी अंधारात, आणि दुपारी खोलीची कडी आतून लागली की नाकावर. उद्याचे पान गुरुजी माझ्यातून तीनतीनदा वाचून पाठ करायचे. कुठल्या शब्दावर पान संपते, कुठे उलटायचे, तेही. ढोंगालाही रियाज लागतो, आणि त्यांनी तो मन लावून केला. एकदा सभागृहात दोन पाने एकदम उलटली गेली आणि गुरुजी मधल्या पानावरचे घडाघडा वाचत राहिले. कोणाच्या ध्यानात आले नाही. भक्त डोळे मिटून ऐकत होते. डोळे मिटून ऐकण्याचा हा एक तोटा.

तुम्ही म्हणाल, लबाड होते तर तुमचे गुरुजी. थांबा. माझ्या काचांवर जे मिठाचे डाग पडत, ते कुठून येत हे तुम्ही पाहिलेले नाही. दूरदूरची माणसे त्यांना पत्रे लिहीत. कोणाचे मूल दगावलेले, कोणी भावाशी वीस वर्षे अबोला धरलेला, कोणाला जगणेच नकोसे झालेले. कडी लावलेल्या त्या खोलीत गुरुजी प्रत्येक पत्र वाचत, वाचता वाचता मला काढून डोळे पुसत, आणि मग स्वतःच्या हाताने उत्तर लिहीत. एकही पत्र त्यांनी अनुत्तरित ठेवले नाही. ज्या खोलीत ढोंगाचा रियाज चाले, त्याच खोलीत हेही चाले, आणि दोन्हीला चष्मा मीच होतो. मी तर पुरता गोंधळून जाई. या माणसावर रागवावे की याच्या नाकावर जन्मभर बसावे?

सात वर्षांत बाकांची संख्या तिप्पट झाली. ‘गुरुजींची दृष्टी’ हा गावभर कौतुकाचा विषय झाला. आणि मग एके दिवशी गुरुजी चुकून माझ्यावर बसले. माझी उजवी दांडी तुटली, आणि मी दुरुस्तीला माहेरी आलो.

मी गल्ल्यावर पालथा पडलो होतो. चष्मेवाला बारीक पकडीने माझी बिजागरी सोडवत होता, तेवढ्यात ताई आल्या. ताई शाळेचे गणवेश शिवत. गल्लीतली निम्मी पोरे त्यांच्या टाक्यांत वाढली होती. आज त्यांनी भावासाठी सदरा शिवून आणला होता.

“घालून बघ, ढापण्या. पोट सुटलंय म्हणून दोन बोटं सैल ठेवलाय.”

त्याने सदरा घातला आणि बटणे लावू लागला. लागेनात. काजांची रांग एकीकडे, बटणांची दुसरीकडेच. चाळीस वर्षे शिवणाऱ्या हाताची ही चूक नव्हे.

“ताई, चष्मा कुठाय तुझा?”

“सोडला,” ताई ऐटीत म्हणाल्या. “गुरुजींचं ध्यान करते रोज पहाटे. त्यांना सत्तरीत लागत नाही, मला साठीत कशाला हवा?” गल्ला चाचपताना त्यांचा हात माझ्यावर पडला. “हे कुणाचं रे?”

चष्मेवाल्याचा चेहरा पडला. “आहे एका गिऱ्हाइकाचं.”

“बिचारा! त्याला म्हणावं, गुरुजींकडे ये.”

त्यांची बोटे माझ्या काचांवर उमटली होती. मला वाटले, ओरडून सांगावे. पण चष्म्याला तोंड नसते.

“आणि काचबिंदूचे थेंब?” त्याने हळूच विचारले. “ते घालतेस ना?”

“तेही बंद. तीन महिने झाले. आणि ओरडू नकोस हं, मी मोठी आहे.”

तो ओरडला नाही. त्याने ताईंना खुर्चीवर बसवले, समोर उभा राहिला आणि म्हणाला, “माझ्या नाकाकडे बघ. मान हलवायची नाही.” मग एक हात बाजूला धरला. “बोटं किती?”

“बोटं?” ताई म्हणाल्या. “हात तर पुढे कर आधी.”

हात पुढेच होता, मित्रांनो. त्यांच्या कानाच्याही पुढे, गालाच्या रेषेत. ताईंना तो दिसत नव्हता.

काचबिंदू फार मुकाट चोर. घरात शिरतो तो बाजूच्या खोलीतून, समोरचे दार उघडत नाही. तुम्हाला समोरचे दिसत असते म्हणून वाटते सगळे जागेवर आहे. आणि जे नेले ते परत आणत नाही. चष्मेवाल्याला हे पक्के ठाऊक होते. “ताई, आजपासून थेंब घाल,” तो काकुळतीला येऊन म्हणाला. ताई म्हणाल्या, “गुरुजींपेक्षा तुला जास्त कळतं का?” खरे सांगावे तर दिलेला शब्द आडवा आला. ताई भिंतीला खांदा घासत बाहेर पडल्या.

त्याने माझी दांडी बसवली. घाईत थोडी जडच बसली. मग मला घेऊन तो थेट गुरुजींच्या खोलीवर गेला आणि घडलेले सगळे सांगितले.

गुरुजींचा चेहरा कठीण झाला. “मी कधी कुणाला म्हणालो का, चष्मा सोड म्हणून? औषध बंद कर म्हणून?”

“नाही म्हणालात. पण लोक म्हणत होते, तेव्हा तुम्ही हसत होतात.”

“मला शिकवायला आलास तू?”

“तुमच्याकडूनच शिकलो, गुरुजी. उद्या सभागृहात सांगा. ताई पुढच्याच बाकावर असेल.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर मी सांगेन.” चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आले. “आणि परवा पुन्हा ऐकायला येऊन बसेन. तुम्ही हाकललंत तर दाराबाहेर बसेन. माझं तुमच्यावाचून भागत नाही. पण ताईचे डोळे मी तुम्हाला द्यायचा नाही.”

“दार लावून घे जाताना,” गुरुजी म्हणाले. बस, एवढेच.

त्या दुपारी त्यांनी पान पाठ केले नाही. मला हातात धरून नुसते बसून राहिले.

सकाळी मी नेहमीच्या खिशात. ग्रंथ उघडल्याचा आवाज आला. गुरुजी वाचू लागले. म्हणजे आठवून म्हणू लागले. एक पान झाले. दुसरे झाले. काळीज कसे धडधडत होते, ते मला विचारा. आज सांगायचे ते म्हणता म्हणता उद्यावर जाणार, असे मला वाटू लागले. तेवढ्यात बाक करकरला. चष्मेवाला उभा राहिला होता. त्याने रात्रभर मोठे भाषण जुळवले असावे, पण ऐन वेळी घशातून चारच शब्द निघाले.

“गुरुजी, तुमचा चष्मा… घाला.”

सभागृह खवळले. कोणी “बस खाली!” म्हणाले, कोणी “बाहेर काढा याला!” आणि मग माझ्यावरचे बटण निघाले. सात वर्षांनी सकाळचा उजेड माझ्या काचांत शिरला. गुरुजींनी मला नाकावर ठेवले.

“बसा सगळे,” ते म्हणाले. “त्याचं खरं आहे. हा चष्मा सात वर्षांपूर्वी त्यानेच करून दिला. माझ्या डोळ्यांत तेज-बीज काही नाही, चाळिशी आहे. तुम्ही कौतुक केलंत, मला गोड लागलं, म्हणून लपवला. ज्यांनी माझ्याकडे बघून चष्मा सोडला असेल, औषध सोडलं असेल, त्यांनी आज घरी जाऊन पहिलं ते सुरू करा. मी अपराधी आहे त्यांचा.”

मग, दुसरे काय करावे न सुचल्यामुळे असेल, त्यांनी पान वाचायला घेतले. या खेपेला खरोखर वाचायला. आणि अडखळले. “हे काय?” ते पुटपुटले. “हा परिच्छेद मी गाळतच होतो की!” पाठ म्हणताना एका ओळीवरून त्यांची जीभ पुढच्या तशाच ओळीवर उडी मारत होती, आणि मधला मजकूर वर्षानुवर्षे राहून जात होता. त्यांनी तो वाचला. “सभागृह झाडण्याची पाळी सर्वांनी घ्यावी. शिकवणाऱ्यानेही.”

मागून कोणीतरी हसले. काही माणसे उठून गेली. त्यातली निम्मी पुन्हा कधी आली नाहीत. त्यांना मी दोष देत नाही.

ताईही उठल्या. पण गुरुजींकडे वळल्या नाहीत, भावाकडे वळल्या.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“सात वर्षं?”

“हो, ताई.”

“मी चष्मा सोडला तेव्हा माहीत होतं, काल माझ्यापुढे बोटं नाचवलीस तेव्हाही माहीत होतं! त्यांना गोड लागलं म्हणून ते गप्प. तुला कशाची गोडी होती रे?”

चष्मेवाल्याने खाली बघितले. “तेवढं एक गुपित माझ्याजवळ होतं, ताई. गुरुजी आणि मी, असं. मला मोठं वाटायचं.”

हे मला आजवर कळले नव्हते. मला वाटत होते, लपवणारा एकच आणि सांभाळणारा दुसरा. निघाले दोघेही एकाच नंबरचे.

ताईंनी त्या संध्याकाळपासून थेंब सुरू केले. पण महिनाभर सभागृहाची पायरी चढल्या नाहीत, आणि भावाशी बोलल्या नाहीत. डबा मात्र पाठवत राहिल्या. रागाची आणि डब्याची त्यांनी कधी गल्लत केली नाही.

महिन्याने गुरुजी ताईंच्या दारात उभे राहिले. मी आता सदऱ्याच्या बाहेरच्या खिशात, निम्मा बाहेर डोकावत.

“माफी मागायला आलोय,” ते म्हणाले.

ताईंनी मशीन थांबवले नाही. “माफ केलं म्हटलं की सुटलात तुम्ही. मला उद्या डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय. तिथे तीन तास रांग असते. बसाल?”

“बसेन.”

“आणि तुमचे डोळे तपासले होते कधी, डॉक्टरांकडून? का नुसतंच तेज?”

गुरुजींनी मला खिशातून काढले आणि पुसू लागले. सत्तर वर्षांत एकदाही नाही, हे त्या पुसण्यावरूनच ताईंना कळले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर दोघे शेजारी बसले होते. दोघांच्याही डोळ्यांत तपासणीचे थेंब, दोघांच्याही माना वर. ताई गुरुजींना सुनावत होत्या. सात वर्षांचे साठलेले होते, तीन तास पुरले नाहीत. गुरुजी एकेक ऐकत होते. मध्येच एकदा म्हणाले, “हे मात्र तुमचं चुकतंय,” आणि मग तेही भांडले. मला मोठे बरे वाटले. सभागृहात त्यांच्याशी आजवर कोणी भांडले नव्हते.

डॉक्टर बाईंनी ताईंना तपासून सांगितले, “गेलं ते गेलं. पण उरलंय ते भरपूर आहे. थेंब चुकवले नाहीत तर राहील.” मग गुरुजींकडे पाहून विचारले, “हे कोण तुमचे?”

ताईंनी गुरुजींकडे मान वळवली.

“माझे गुरुजी आहेत,” त्या म्हणाल्या. “यांचाही नंबर बघा जरा.”

चष्मेवाला बाहेर जिन्यापाशी वाट बघत होता. थेंबांमुळे दोघांनाही धड दिसत नव्हते, म्हणून ताईंनी एका हाताने गुरुजींना धरले आणि दुसरा हात पुढे करून म्हणाल्या, “ढापण्या, आंधळ्यासारखा उभा काय राहिलास? धर.”

गुरुजींचा नंबर वाढला होता. त्यांना नवा चष्मा मिळाला आणि मी निवृत्त झालो. सध्या माझा मुक्काम सभागृहाच्या दाराशी एका उघड्या डब्यात असतो. जो आपला चष्मा घरी विसरला, त्याने मला घ्यावे, ऐकून झाल्यावर ठेवून द्यावे. रोज नवे नाक. कधी तपकिरीच्या शिंका, कधी घामाचे थेंब, पण उजेड भरपूर. गुरुजी गुरुवारी झाडायला येतात तेव्हा मला पुसतात. बाके पूर्वीपेक्षा कमी लागतात, पण लोक आता उघड्या डोळ्यांनी ऐकतात आणि मधूनच प्रश्न विचारतात. ताई सर्वांत जास्त.

परवाच एक नवे गृहस्थ गुरुजींना म्हणाले, “काय हो गुरुजी, या वयात दात कसे मोत्यासारखे! तपश्चर्या म्हणतात ती हीच.”

“कवळी आहे,” गुरुजी ताबडतोब म्हणाले. “काढून दाखवू?”

सभागृहात सर्वांत मोठ्याने ताई हसल्या.

मित्रांनो, मी बोलून चालून चष्मा. मला मोठे तत्त्वज्ञान येत नाही. काचेची निगा तेवढी ठाऊक आहे, ती सांगतो. काचेवर डाग पडला म्हणून चष्मा फेकू नका. त्यातून तुम्हाला पुष्कळ दिसलेले असते. आणि चष्मा आवडता आहे म्हणून डागच नाही, असेही म्हणू नका. तसे म्हणणाऱ्याचा पाय एक दिवस पायरी चुकतो, आणि पडतो तो एकटा पडत नाही. ज्यांच्यावर तुमची माया आहे, त्यांना प्रेमाने सांगा, “अहो, जरा इकडे या, इथे डाग आहे.” ते रागावतील. दार लावून घे म्हणतील. दार लावा, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. आणि जाताना मऊ फडके न्यायला विसरू नका. खरखरीत कापडाने पुसले, तर डाग जातो पण चरे राहतात.